रामराव ‘येतो’ म्हणाले

जालन्याच्या हीरालाल शेटजींच्या कापसाच्या जिनिंगमध्ये रामराव मॅनेजर म्हणून लागले, ते केवळ जिभेच्या जोरावर. तीर्थपुरीकडचं खातंपितं घर, औरंगाबादेत उर्दू शिक्षण, आणि त्या शिक्षणातून हाती लागलेली एकच चीज, गोड बोलणं. आधीचा मॅनेजर आईबहिणीवरून बोलायचा, म्हणून निम्म्या बाया काम सोडून गेल्या होत्या. शेटजींना आता माणसं जोडणारा माणूस हवा होता, आणि रामरावांनी ती कामगिरी अशी काही अंगावर घेतली की बोलायची सोय नाही.

रोज सकाळी फाटकात उभे राहून ते प्रत्येकीला विचारत, “काय माय, तब्येत बराबर हाय ना?” उत्तर ऐकायचा त्रास मात्र घेत नसत. एकदा एकीनं सांगितलं, दोन रोजापासून ताप आहे. “वा, लई चांगलं!” म्हणत रामराव पुढचीकडे वळले. चेहरा पाहिला की आपल्याला माणसाचं मन कळतं, असं ते चारचौघांत छातीठोकपणे सांगत.

ऐन हंगामात झुंबरबाईचा नवरा रखमाजी वारला. झुंबरबाई म्हणजे बायांची पुढारीण. ती घरी बसली, तशा तिच्या गल्लीतल्या साऱ्याच बसल्या. जिनिंगच्या अंगणात कापसाचे ढीग वाढत गेले आणि यंत्रं थंड पडली. शेटजी कधी आवाज चढवत नसत, त्या दिवशीही चढवला नाही.

“रामराव, उद्या बाया आल्या तर तुमी मॅनेजर. न्हाई आल्या, तर आमाला मॅनेजर बी नको. बिलकुल नको.”

रामराव तडक झुंबरबाईच्या घरी गेले. ती भिंतीला टेकून बसली होती. नवरा गेल्यापासून तिच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं, आणि त्याच काळजीनं बाया तिला सोडून हलत नव्हत्या. हे चेहरा वाचणाऱ्याला दिसायला हरकत नव्हती. पण रामरावांनी तोंड उघडलं.

“दुनिया अशीच चालते, माय. रखमाजी सुटले. तुमी बी जल्दी सावरा. कामात मन रमतं. कापूस बी लई येऊन पडलाय.”

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. आपलं बोलणं काळजाला भिडलं, असं समजून ते उठले आणि हात जोडून हसतमुखानं म्हणाले, “बरं, येतो मी. असंच येत राहू.”

मयताच्या घरून उठताना ‘येतो’ म्हणायचं नसतं, मुकाट्यानं उठून चालू लागायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

“आरं मेल्या!” म्हातारी सासू तुळजाबाई ओरडली. “आता कोन्ला न्यायला येतूस?”

झुंबरबाई दचकली. मग तिला हसू फुटलं. हसता हसता तिचा बांध फुटला आणि तिनं असा हंबरडा फोडला की साऱ्या बाया तिच्या गळ्यात पडून रडल्या.

रामरावांची मात्र बोबडी वळली. ते पुन्हा उंबऱ्याशी बसले आणि खाली मान घालून दिवे लागेपर्यंत तसेच बसून राहिले.

शेवटी झुंबरबाईनं डोळे पुसले, त्यांच्याकडे पाहिलं आणि बायांना म्हणाली, “उद्या जा गं कामाला. मी दिवस झाल्यावर येते. साहेबाचं तोंड पाह्यलं का? शेटजीनं दम दिलेला दिसतोय.”

सकाळी यंत्रं सुरू झाली. शेटजींनी खूश होऊन विचारलं, “काय बोललात हो बायांशी?”

“मन ओळखावं लागतं, शेटजी,” रामराव म्हणाले. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण तेवढ्यावर भागलं.

हे बोलणं बायांच्या कानावर गेलं आणि त्यांनी संतापून ते झुंबरबाईला सांगितलं. ती दळायचे गहू निवडत होती.

“म्हनू द्या,” ती म्हणाली. “त्याची बी बायको घरी वाट पाहात आसंल.”