आम्ही प्यायलेले तीन वाण

माझ्या प्रबंधाच्या सुरुवातीला दीड पानाचा ऋणनिर्देश आहे. प्रबंध इंग्रजीत, म्हणून तोही इंग्रजीत. मार्गदर्शक सरांचे आभार आहेत. के. आर. पुरमहून रोज दोन बस बदलून यायची आणि स्वतःचं काम बाजूला सारून माझे तक्ते कॉम्प्युटरवर चढवून द्यायची, त्या मैत्रिणीचे आहेत. अण्णाचे, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचे आहेत. आणि अगदी शेवटी, एका ओळीत, वहिनींचे: यांच्या मदतीशिवाय हे काम पूर्ण झालं नसतं. वाक्य खरं आहे, पण इतकं गुळगुळीत की वाचताना माझाच मला राग येतो. कसली मदत, आणि ती लागली तरी का, याचा त्यात पत्ता नाही. ते आता सांगते, वहिनी रागावल्या तरी.

माझा विषय होता रागी. तुम्ही नाचणी म्हणाल. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचे, चामराजपेटेतल्या आमच्या घरी मराठी बोलता बोलता रागीच म्हणतात. कोलार आणि तुमकूरकडच्या गावांत शेतकऱ्यांनी घरोघर जपलेले जुने वाण गोळा करायचे आणि त्यांचा अभ्यास करायचा, असं काम. सुगीच्या दिवसांत हिंडून मी छत्तीस वाण जमवले. छत्तीस कापडी पिशव्या, प्रत्येकीत ओंजळभर दाणे आणि नंबर व देणाऱ्याचं नाव लिहिलेली चिठ्ठी.

अशा वाणांचे दोन संच करायचे आणि दोन जागी ठेवायचे, हा आमच्या कामातला पहिला धडा. मी म्हटलं, करू निवांत. तेवढ्यात विभागाच्या कोठीत उंदीर झाले, म्हणून सगळ्या पिशव्या घरी आणून माजघरातल्या ट्रंकेत ठेवल्या. आणि मग मला कावीळ झाली.

पंधरा दिवस मी मागच्या खोलीत पडून होते. तोंडाला चव नाही, अंगात त्राण नाही. वहिनी सकाळ-संध्याकाळ रागीच्या सत्त्वाची पेज आणायच्या, गूळ आणि वेलदोडा घालून. "स्वल्प तरी घे गं, एवढंसं," असं म्हणत वाटीभर पाजायच्या. मला ती खरंच आवडायला लागली. एकदा तर मी मागून घेतली.

उठून फिरायला लागले आणि ट्रंक उघडली. रिकामी! पिशव्या धुऊन, घडी घालून एका कोपऱ्यात ठेवलेल्या.

"वहिनी, यातली रागी?"

"अगं, तीच तर तू पितेस," वहिनी कौतुकानं म्हणाल्या. "भिजवली, वाटली, गाळली, चांगलं कडक ऊन दिलं. नऊ दिवस खपत होते. आमच्या गावाकडं दारी आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. मला वाटलं, त्या बायकांनी तुला ओंजळ ओंजळ घातली. चिठ्ठ्या ठेवल्यात हं जपून, देवाच्या फळीवर. कुणी किती मायेनं दिलंय ते कळायला नको?"

माझी शिष्यवृत्ती एका वर्षात संपणार होती. आणि मी माझं संशोधन गूळ घालून प्यायले होते.

आज हे सांगताना हसू येतं. तेव्हा मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या अक्का गॅलरीत आल्या. काय काय बोलले देव जाणे, पण एक शब्द आठवतो. "अडाणी! शुद्ध अडाणी आहात तुम्ही!" वहिनींच्या हातात तेव्हाही पेजेची वाटी होती. ती त्यांनी हळूच खिडकीत ठेवली आणि आत गेल्या. त्यांची शाळा सातवीपर्यंत, तीही कन्नड. पोथीपुरती देवनागरी यायची. हे सगळं मला ठाऊक होतं, म्हणून तर तो शब्द नेमका सापडला. माझी जीभ पहिल्यापासूनच तशी आहे.

सरांकडे गेले. "घरच्यांकडून चूक झाली, सर," म्हणून रडगाणं गायले. सरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दुसरा संच?"

"वहिनींना माहीत नव्हतं सर, त्यांनी..."

"मी दुसऱ्या संचाचं विचारलं."

मी खाली मान घातली. सर एवढंच म्हणाले, "पेरणीपर्यंत बियाणं लोकांच्या घरातच असतं. जा परत." पेरणीला तीन महिने होते. त्यानंतर जे मिळणार नाही ते मिळणार नाही, आणि तेवढ्या वेळात पुरेसे वाण हाती आले नाहीत तर प्रबंधही नाही.

पण डॉक्टर मला एकटीनं प्रवास करू देईनात. अण्णाला रजा नव्हती. जेवताना माझ्या जाण्याचंच बोलणं चाललं होतं. तेवढ्यात वहिनी आमटी वाढता वाढता म्हणाल्या, "मी येते." बस्स, एवढंच. मी त्यांची माफी मागितली नव्हती, त्यांनीही तो विषय काढला नव्हता. तीन महिने अण्णानं मुलांना सांभाळलं आणि रोज उप्पीट केलं. त्याला दुसरं काही येतच नव्हतं. मुलं आजही उप्पीट म्हटलं की पानावरून उठतात.

पहिल्या फेरीत मी गेले होते तेव्हा लोकांनी मला ओट्यावर खुर्ची दिली होती, मी वही काढून प्रश्न विचारले होते आणि त्यांनी कामापुरती उत्तरं दिली होती. वहिनी थेट स्वयंपाकघरात शिरायच्या, पाटावर बसायच्या आणि कन्नडमध्ये सुरू करायच्या, "आमच्या या मुलीला तुम्ही बियाणं दिलं होतं ना? ते मी वाटून पेज केली. हिची काही चूक नाही हो, सगळी माझी. परत द्याल का मूठभर?"

बायका हसून हसून लोळायच्या. एकीनं दुसरीला हाक मारावी, तिसरी येऊन बसावी, आणि प्रत्येकीसमोर वहिनींनी आपली चूक पहिल्यापासून सांगावी. प्रत्येक गावात, प्रत्येक दारात. मी शेजारी वही घेऊन उभी. दुसरा संच मीच केला नव्हता, हे एकदाही माझ्या तोंडून निघालं नाही. वाटायचं, पुढच्या घरी सांगू.

हसणं ओसरलं की बोलणं सुरू व्हायचं. कुठल्या रागीचा मुद्दा, म्हणजे जेवणातला उकडलेला गोळा, संध्याकाळपर्यंत मऊ राहतो, कुठली बाळंतिणीला द्यायची, कुठलीचं सत्त्व पांढरं निघतं. यातलं एक अक्षर मला पहिल्या फेरीत कळलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. माझ्या प्रबंधाचं पाचवं प्रकरण हे असं जमलं, आणि तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अर्धा तास त्याच प्रकरणावर घालवला.

छत्तीसातले तेहतीस वाण मिळाले. शेवटच्या घरातली म्हातारी म्हणाली, "ती काळी रागी? शेवटची ओंजळ होती बाई. तुझ्या नणंदेलाच दिली." परतीच्या बसमध्ये वहिनींनी पिशव्या पुन्हा एकदा मोजल्या. मग म्हणाल्या, "ते तीन आपण प्यायलो गं." मी त्यांचा हात धरला. तेव्हा तरी बोलायचं होतं मी. नाही बोलले.

प्रबंध झाला, पदवी मिळाली. बांधून आलेल्या पाच प्रतींपैकी एक मी घरी आणली. वहिनी पदराला हात पुसत आल्या आणि पहिला प्रश्न काय, तर, "माझी चूक लिहिलीस का गं यात?" किती महिने ही भीती पोटात घेऊन ती बाई माझ्या पथ्याचं रांधत होती!

"नाही हो वहिनी. आभार मानलेत तुमचे."

"सरी, बरं झालं," म्हणून त्यांनी सुस्कारा सोडला. मग ते पान उघडायला लावलं. "यात मी कुठली?"

मी ओळ दाखवली. त्यांनी तिच्याखाली बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं. ज्या लिपीत त्या स्वतःला शोधू शकत नव्हत्या, त्या लिपीत मी त्यांचे आभार मानले होते.

मी पेन घेतलं आणि त्या ओळीखाली, पोथीसारख्या मोठ्या अक्षरांत, मराठीत लिहिलं: "दुसरा संच मी केला नव्हता. चूक माझी होती, वहिनींची नव्हे. त्यांना मी अडाणी म्हणाले, त्याची मला लाज वाटते."

वहिनींनी ओठ हलवत सावकाश वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"बाकीच्या चार पुस्तकांत आहे का हे?"

"नाही. लिहिते. उद्याच जाऊन चारही प्रतींत लिहिते."

"वेडी आहेस का?" त्यांनी पुस्तक मिटलं आणि उचलून देवाच्या फळीवर, त्या छत्तीस चिठ्ठ्यांशेजारी ठेवलं. "माझी चूक गावभर सांगून झाली, तेवढी पुरे. तुझी घरात राहू दे."