करगोट्याची लांबी

लखनौला निघालो त्या सकाळी सासूबाईंनी दारातच श्रीकांतच्या, माझ्या नवऱ्याच्या, कमरेला नवा काळा करगोटा बांधला. "जरा सैल ठेवलाय. तिकडं अंग भरंल," म्हणाल्या. तासगावचा त्यांचा काटकुळा लेक संशोधन संस्थेत साहेब होऊन चालला होता.

अंग भरलं. रविवारी खस्ता कचोरी आणि जलेबी, थंडीत मक्खन-मलाई, महानगर कॉलनीतल्या घरापासून संस्थेच्या दारापर्यंत गाडी. दर दिवाळीला गावी गेलो की सासूबाई आधीपेक्षा लांब दोरा घ्यायच्या आणि गल्लीभर सांगायच्या, "लखनौ मानवलं हो आमच्या श्रीकांतला!" आम्हा सगळ्यांनाच त्याचं कौतुक वाटायचं.

आणि साहेबांचं काम काय? उंदरांना चरबी-साखर चारून त्यांना काय होतं ते बघायचं. मेटाबॉलिक सिंड्रोमवर तो तासभर बोलायचा. पोटाचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, रक्तातली वाईट चरबी वाढलेली, चांगली घटलेली. पाचांतली तीन जमली की मधुमेह, हृदयविकार, पक्षाघात दबा धरून बसतात. दुखत काहीच नाही, तीच मेख. स्वतःचे रिपोर्ट आले तेव्हा मात्र, "सब बॉर्डरलाइन है यार, धड आजार एकही नाही." लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडा पाषाण! अजूनही राग येतो मला त्याचा.

गेल्या थंडीत तो हजरतगंजच्या बाजारात चालता चालता कोसळला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

आमच्याकडे माणूस गेला की करगोटा तोडतात. इथल्या पंडितजींना ते ठाऊक नव्हतं, जवळ आपलं माणूस नव्हतं. मीच कात्री लावली. दोरा पोटात रुतला होता, खाली वळ उठला होता.

परवा सासूबाईंचा फोन आला. "ओंकारचं माप कळव गं, दिवाळीला करगोटा धाडते." माझा मुलगा शर्ट वर करून उभा राहिला. "जल्दी करो मम्मी, क्लास है." मी दोरा फिरवला. बापाचा चाळिशीतला घेर, पोराचा विशीतच.

गावाकडचे तुम्ही सगळे विचारता, आता परत येणार का? काय सांगू? माझं घर आता हा एक मुलगा आहे, तो जिथे जिवंत राहील तिथे. उद्या त्याला रक्त तपासायला नेणार आहे. तो फुगून बसलाय, बसू दे.

त्याच फोनवर मी माप सांगितलं. सासूबाई लगेच म्हणाल्या, "जरा सैल ठेवते हं."

"नको आई," मी म्हणाले. "चार बोटं आखूडच धाडा."

पलीकडे त्या रडत होत्या.