सरहद्दी पुसणारा शेजारी

अख्ख्या आफ्रिकेचा एकच देश व्हावा म्हणून झटणारा आणि आमच्या दोघांमधलं कुंपण मात्र टेप लावून इंच इंच मोजणारा माणूस साउथहॅम्प्टनात एकच, तो म्हणजे माझा घानाचा शेजारी. मी चौथी शिकलेला, बंदरावर माल उचलून म्हातारा झालो. या बाबानं माझ्याकडून आफ्रिकेचे सगळे देश पाठ करून घेतले आणि झाल्यावर म्हणाला, "आता विसरा, ब्रदर. सगळा एकच." माझ्या नातीनं शाळेसाठी पेन्सिलीनं आफ्रिकेचा नकाशा काढला, त्यातल्या सरहद्दी यानं रबरानं खोडल्या. मास्तरणीनं बोलावलं तर हा तिलाच विचारतो, "या रेघा मारल्या कुणी? तुमच्याच लोकांनी ना?"

आमची ही त्याला कुंपणावरून थालीपीठ द्यायची. तो म्हणायचा, "सिस्टर, तुम्ही आफ्रिकनच. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, एवढंच." ही आत येऊन हसायची, "अहो, येडं आहे, पण खातं मनापासून." मार्चमध्ये ही गेली.

त्याच वर्षी घानात निवडणूक होती. त्याच्या पक्षाच्या जाहीरनाम्यात पहिलं कलम 'एक आफ्रिका' असावं, असा ठराव इथल्या शाखेनं तिकडे पाठवावा म्हणून हा महिनाभर फोनकार्डं संपवत होता. सभेला त्याच्या बायकोनं घर दिलं नाही, म्हणून माझ्या घरात भरवली. नऊ जण आले. त्यांच्यात सभेच्या सुरुवातीला, गेलेल्यांची नावं घेऊन जमिनीवर पाणी सोडतात. हा कार्पेटवरच सोडायला निघाला. मी ओरडलो, "खबरदार!" मग ते राहूनच गेलं.

एक तरणा म्हणाला, "अंकल, माझ्या गावात पाणी नाही. आधी नळ मागू."

"नळ देतील रे! नदी वरच्या देशातून येते. तिथं धरण बांधलं तर नळातून काय, वारा पिणार?"

ठराव मताला टाकला. बाजूनं हात दोन, एक त्याचा, एक माझा. माझा मोजला नाही.

तो एकदम उठला. "पाणी सोडलंच नाही! म्हणून पडला ठराव. ब्रदर, तुमच्या कार्पेटनं आफ्रिका बुडवली!" सगळ्यांना घेऊन बागेत, कुंपणापाशी. त्याचा बाप, आजी, त्याचे पुढारी, एकेकाचं नाव आणि थोडं थोडं पाणी. शेवटी म्हणाला, "शालन."

"अंकल, त्या तर इंडियन."

"गेलेल्यांना व्हिसा लागत नाही."

मी बायकोला जन्मभर नावानं हाक मारली नाही. आमच्यात मारत नाहीत. ही गेल्यावर घरात ते नाव कुणी घेतलंच नव्हतं. पाणी कुंपणाखालून वाहत निम्मं त्याच्याकडे गेलं, निम्मं माझ्याकडे राहिलं. त्यानं टेप काढली नाही. सगळे गेल्यावर मी तिथंच उभा राहिलो आणि हळूच म्हणून बघितलं, शालन.