पाचव्या खाटेवरचा पेशंट

आमच्या खोलीत खाटा पाच होत्या आणि मुली चार. पाचव्या खाटेवरचा पेशंट वारला, हे आम्हाला एका मंगळवारी दुपारी चार वाजता लेखी कळलं.

ही गोष्ट नगरमधल्या आमच्या नर्सिंग होस्टेलची. पहिलं वर्ष. मी वैशाली, काष्टीची. माझ्या सोबतीला श्रीगोंद्याची शबाना, जिचा आवाज ऐकून पेशंटचं बीपी आपोआप चढायचं. जामखेडची सुजाता, आमच्यातली एकटीच विचार करून बोलणारी. आणि अकोले तालुक्यातल्या डोंगरातून आलेली हिरा, अंगानं एवढीशी की गणवेशात ती आहे की नाही हे चाचपून बघावं लागे. खाटा दवाखान्यातून बाद झालेल्या, लोखंडी. पायथ्याशी पांढऱ्या रंगातले नंबर अजून शाबूत होते. माझी दोन नंबरची. पाच नंबरवाली मुलगी महिन्याभरातच कोर्स सोडून गेली, तेव्हापासून तिच्या खाटेवर आम्ही कपडे टाकायचो.

त्या आठवड्यात चौघींनाही नाइट ड्युटी होती. रात्रभर वॉर्डात, सकाळी नऊला खोलीवर, अंघोळ, चहा-पोळी, की खिडक्यांना घोंगड्या लावून झोप. दिवसा झोपलेल्या खोलीसारखी भयाण जागा नाही हो! बाहेर लख्ख ऊन, उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून चाललेत, आणि आत मात्र काळाकुट्ट अंधार, फिनेलचा वास, आणि घोंगडीच्या भोकातून आलेली उन्हाची एकच काडी भिंतीवरून हळूहळू सरकतेय. मध्येच कुणीतरी झोपेत कण्हणार. (बहुतेक शबाना. ती कण्हली तरी शेजारच्या खोलीत ऐकू जायचं.)

तर मंगळवारी चार वाजता हिराच्या किंकाळीनं आम्ही उठलो. तिच्या खाटेच्या पायथ्याला कागद लटकत होता. गॉजच्या पट्टीनं नीट गाठ मारून बांधलेला. वॉर्डात पेशंटच्या खाटेला असतो तसला चार्ट! सुजातानं घोंगडी बाजूला केली, तर प्रत्येक खाटेला एकेक. लाल शाईत, कारण रात्रपाळीची नोंद लाल शाईत करायची असते. अक्षर मोत्यासारखं. आमच्यापैकी कुणाचंच नव्हे.

सुजातानं वाचायला सुरुवात केली. "खाट नंबर एक. नाडी शहात्तर, श्वास अठरा. रुग्ण घोरत आहे."

"कोण घोरतंय गं?" शबाना कडाडली.

"खाट नंबर तीन. रुग्ण झोपेत. खाट नंबर चार. रुग्ण अशक्त, दूध द्यावे." हिरा रडायला लागली. सुजाता पाचव्या खाटेकडे गेली. तिथं आमचे कपडे. चार्ट मात्र त्या खाटेलाही होता. तिनं तो मनात वाचला, मग हळू आवाजात म्हणाली, "नाडी लागत नाही. श्वास नाही. डॉक्टरांना कळवले."

ट्रॅक्टरचं गाणं लांब गेलं. खोलीत एकदम गार वाटायला लागलं.

"आन् दोन नंबर?" शबानानं विचारलं. म्हणजे माझी खाट. मी स्वतःच कागद सोडून घेतला. त्यावर एकच ओळ होती: 'रुग्ण जागेवर नाही. शोध चालू आहे.'

"तू हुतीस ना झोपलेली?"

"होते की! गाढ झोपले होते!"

शबाना एक पाऊल मागे सरकली. "मंग भुताला तू दिसत न्हाईस, वैशे."

आता सांगा, यावर माणसानं काय म्हणावं? भुताला न दिसणं चांगलं की वाईट, हेच मला कळेना. मी आरशात जाऊन बघून आले. (होते. केस पिंजारलेले, पण होते.)

सुजाता म्हणाली, "सिनिअर पोरींचा उद्योग हाय ह्यो. कामून घाबरायल्या तुमी? माझ्या आज्यानं बौद्ध होऊन घरातले देव सोडले, आता मी भूत कुठून धरू?" बोलत बोलत ती दाराशी गेली आणि तिथंच थांबली. कडी आतून लावलेली होती.

बुधवारी आम्ही पाळीपाळीनं जागं राहायचं ठरवलं. पहिली पाळी माझी. (नाइट ड्युटी करून आलेल्या मुलीनं दिवसा पहारा द्यायचा! माझा पहारा कडी लावून पाठ टेकेपर्यंत टिकला असेल.) शबाना पुटपुटत दुआ म्हणत झोपली. हिरानं उशाखाली कात्री ठेवली. बॅण्डेजची, बोथट.

चार वाजता आम्ही एकदमच उठलो.

पाचव्या खाटेवरचे कपडे उचलून कोपऱ्यात रचून ठेवलेले होते. गादीवर स्वच्छ चादर घातलेली, कोपरे नर्सिंगच्या वर्गात शिकवतात तसे दुमडून आत खोचलेले. आणि तिच्यावर कुणीतरी झोपलेलं. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर ओढून.

सुजातानं चादरीचं टोक उचललं. आत उश्या होत्या. एकीखाली एक मांडून, माणसाएवढ्या लांब. मधोमध गॉजची पट्टी बांधलेली, मृताचे हात बांधतात तशी. आणि पट्टीला लाल शाईची चिठ्ठी: 'नातेवाईक अजून आलेले नाहीत.'

"ह्यात माझी उशी हाय," शबाना रडवेली होऊन म्हणाली. तिचा आवाज एवढा बारीक होऊ शकतो हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

हिरानं बॅग काढली आणि त्यात कपडे कोंबायला लागली. "मी घरला चालले. आमच्याकडं बिबट्या येतो, तो परवडला. निदान दिसतो तरी!" तिनं फोन लावून बापालाही बोलावलं. पोर सहा महिन्यांत रुळली होती, इंजेक्शन द्यायला तिचा हात आम्हा सगळ्यांपेक्षा हलका. आम्ही तिला कशीबशी एका दिवसासाठी थांबवली.

गुरुवारी सुजातानं झोपताना खिडकीच्या कठड्यावर आपला मोबाईल उभा केला, रेकॉर्डिंग चालू करून, आणि एक घोंगडी जराशी सरकवून ठेवली. दुपारी उठल्या उठल्या आम्ही चौघी एका खाटेवर दाटीवाटीनं बसलो. त्या दिवशीही चार्ट लटकत होतेच.

पडद्यावर अंधुक खोली. चार गाठोडी. बराच वेळ काही नाही. सुजातानं बोटानं पुढं ढकललं. मग एका खाटेवरून कुणीतरी सावकाश उठून बसलं. मोकळे केस तोंडावर आलेले. ती बाई उभी राहिली. पाय न वाजवता चालायला लागली.

"ती बघा, उठली!" मी शबानाच्या दंडाला नखं रुतवत किंचाळले. "बघा, हिराकडं चाललीय! मनगट धरलं तिचं! अगं बाई, माझा गाऊन घातलाय मेलीनं!"

मी वळून बघितलं, तर तिघीही मोबाईल सोडून माझ्याकडे बघत होत्या.

"वैशे," शबाना अगदी हळू म्हणाली, "दोन नंबरवरनंच उठली की ती."

मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. डोळे उघडे, पण ते माझे वाटतच नव्हते. मी प्रत्येकीची नाडी मोजत होते, घड्याळ नसलेल्या मनगटाकडे बघत होते, लिहीत होते. मग माझ्या खाटेशी आले. रिकामं अंथरूण चाचपलं. वाकून खाटेखाली शोधलं. दाराशी जाऊन कडी बघितली. परत येऊन नोंद केली. स्वतःला हरवलेलं पाहण्याचा योग फार थोड्यांना येत असावा!

आता तिघी हसू दाबत होत्या. शबानाचं तर फुटलंच होतं. तेवढ्यात पडद्यावरची मी पाचव्या खाटेशी बसले. उशीवरून हात फिरवला आणि स्पष्ट म्हणाले, "आजी, निघालाय हां तुमचा मुलगा. आलाच."

शबानाचं हसणं थांबलं. मला रडू फुटलं.

ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकांच्या वॉर्डात, पाच नंबरवर, ऊसतोडीच्या फडावरच्या पाचटाच्या कोपीतून आणलेली एक म्हातारी होती. रात्रभर विचारायची, "पोरी, आला का गं माझा लेक?" आणि मी म्हणायचे, "निघालाय आजी, आलाच." त्याचा फोनच लागत नव्हता. रविवारी पहाटे मी नाडी बघायला गेले, तर लागेना. मला वाटलं, माझंच बोट चुकतंय. या हाताची बघितली, त्या हाताची बघितली. किती वेळ शोधत होते, ठाऊक नाही. शेवटी स्टाफ सिस्टरनं माझी बोटं सोडवली. ड्युटी संपली, मी खोलीवर येऊन झोपले. तो आला की नाही, हे विचारायला परत त्या खाटेकडे जायचा धीर झाला नाही.

हिरानं मुकाट्यानं बॅग उघडली आणि कपडे पुन्हा कपाटात ठेवायला लागली.

पण तिचा बाप तोवर एसटीनं निघालेला, आणि निघताना त्यानं वॉर्डन मॅडमना, म्हणजे आम्हाला वर्गात शिकवायच्या त्यांनाच, फोन केलेला! मॅडम दारात उभ्या. "कुठंय तुमचं भूत?"

तिघींनी माझ्याकडे बोट दाखवलं. (मैत्री, मैत्री म्हणतात ती हीच.)

मॅडमनी व्हिडिओ बघितला, चार्ट गोळा केले. आता 'अनफिट' लिहून घरी पाठवणार! आमच्या अण्णांनी काष्टीच्या बाजारात दर शनिवारी बैल बघायला आलेल्या अनोळखी माणसांनाही सांगून ठेवलं होतं की थोरली डॉक्टरीण व्हायलीय. त्यांना काय तोंड दाखवू?

मॅडम माझ्या शेजारी बसल्या. "तिचा मुलगा त्याच दुपारी आला होता. घेऊन गेला आईला. रात्रपाळीची पोरगी आईशी बोलत बसायची, असं शेजारच्या पेशंटनं सांगितलं त्याला. तुला हात जोडायला थांबला होता, पण तू झोपलेलीस. मी उठवू दिलं नाही." मग म्हणाल्या, "माझ्या पाळीत वारलेल्या पहिल्या पेशंटची नाडी मी भर वॉर्डात अर्धा तास शोधली होती. कुणाला सांगू नका."

त्या दिवसापासून मला दिवसपाळी मिळाली, आणि चार्ट लटकायचे बंद झाले. हिराच्या बापानं मात्र, आलोच आहे तर, म्हणून आमच्याकडून स्वतःचं बीपी मोजून घेतलं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेला.

त्या गुरुवारी खोलीतून जाताना मॅडमनी ते चार्ट पुन्हा एकदा चाळले. कौतुकानं, असं मला वाटलं. "एकही रकाना रिकामा नाही. अक्षर सुरेख. चादरीचे कोपरे तर पुस्तकातल्यासारखे. वर्गात तू श्वास मोजायचा विसरतेस, अक्षर मुंग्यांची रांग, कोपरे रामभरोसे! वैशाली, एक काम कर. प्रॅक्टिकलला येताना झोपूनच ये."

मी ते मनावर घेतलं नाही. प्रॅक्टिकलला टक्क जागी राहून गेले, आणि सहा महिन्यांनी ती परीक्षा पुन्हा दिली.