न आलेल्यांचे हात

आमच्या इस्पितळाच्या नोंदखोलीत टापटीपबाई होत्या. रिकामा रकाना त्यांच्या डोळ्यांत सलायचा. बोटाच्या शस्त्रक्रियेनंतर जो पेशंट तपासणीला परत यायचाच नाही, त्याच्यापुढे त्या बेधडक लिहायच्या, ‘तक्रार नाही’. तक्रार असती तर आला नसता का? अकरा वर्षं हाच शिरस्ता. शेजारच्या टेबलावर मीही तेच करायचे, तेव्हा मी काही धुतल्या तांदळासारखी नाही.

पुढे पंचवीस इस्पितळांतल्या चाळीस हजार हातांची माहिती एकत्र झाली, आणि त्यात आमचे आकडे सरस निघाले. बाईंना आभाळ ठेंगणं झालं.

मग त्यांच्या धाकट्या भावाचं बोट काचेनं कापलं. भाऊ शिंपी, उजवा हात. बोट वाकवणारी आतली दोरी डॉक्टरीणबाईंनी शिवली आणि म्हणाल्या, “आता सहा आठवडे बोट बांधून ठेवू. काही ठिकाणी तिसऱ्या दिवसापासून हलवायला लावतात, पण आपल्याकडे बांधलेल्यांची तक्रारच नाही.”

टापटीपबाई पुढे झाल्या.

“ते आकडे धरू नका,” त्या म्हणाल्या. “जे परत आले नाहीत, त्यांना मीच बरं करून टाकलंय.”

“किती जण?”

“निम्मे तरी.”

डॉक्टरीणबाई रागावल्या, मग म्हणाल्या, “परवापर्यंत वेळ आहे. फोन लावा.”

आम्ही दोघी दोन दिवस फोनला चिकटलो. एक नळदुरुस्तीवाला खेकसला, “परत कशाला येऊ? बोट वळेना आणि रजा संपली!” एक शिक्षिका शांतपणे म्हणाली, “मी डाव्या हातानं लिहायला शिकले.” बोट बांधून ठेवलेले त्रेसष्ट जण बोलले, एकेचाळीस जणांची बोटं आखडलेली. मला लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी भावाचं बोट हलवायला सुरुवात झाली. बाईंनी चूक लेखी कळवली आणि बढती गमावली. न आलेल्यांना वर्षानं फोन करायचा, हा नियम मात्र तेव्हापासून पडला.

भावानंही तपासण्या अर्ध्यावर सोडल्या. वर्षानं त्याचं नाव यादीत आलं.

“बोट पूर्ण मिटतं का?” बाईंनी फोनवर विचारलं.

“ताई, काल तर घरी येऊन गेलीस! कात्री चालते की माझी.”

“पूर्ण मिटतं का?”

“नाही गं. टोक तळव्याला टेकत नाही. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.”

बाईंनी डोळे पुसले आणि लिहिलं, ‘तक्रार आहे’.