गुडघ्यातली नाडी

माणसाला चेहरा असतो, ही गोष्ट माझ्या बायकोच्या मामांनी कधी फारशी मनावर घेतलेली नाही. त्यांच्या लेखी माणूस म्हणजे दोन गुडघे, आणि ते इकडून तिकडे न्यायला जोडलेला बाकीचा सरंजाम. एका मेडिकल कॉलेजात त्यांनी तीसेक वर्षं शरीररचना शिकवली. निवृत्तीनंतर अंबरनाथ पश्चिमेला तिसऱ्या मजल्यावर राहायला आले, ते येताना एक वादही बरोबर घेऊन आले. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, मांडीच्या हाडापासून नडगीच्या हाडाकडे तिरका उतरणारा एक पट्टा असतो. मामा म्हणतात, ते स्वतंत्र लिगामेंट आहे. त्यांच्याच विभागातले दुसरे एक सर म्हणायचे, "छे हो, सांध्याचं आवरण तिथं जरा जाड झालंय, एवढंच." त्या 'एवढंच'पायी मामांनी निम्मं आयुष्य काढलं. "लेंग्याची नाडीसुद्धा लेंग्यातच असते," असं ते त्या सरांना भर सभेत म्हणाले होते, "म्हणून ती नाहीच म्हणता? मग ओढून काढा आणि चालून दाखवा!" त्यानंतर दोघं एका टेबलावर चहाला कधी बसले नाहीत.

माझी त्यांची पहिली भेट मुलगी बघायच्या कार्यक्रमात झाली. पगार, पत्रिका, व्यसनं या चौकशा इतरांनी केल्या. मामा माझ्यापुढे उकिडवे बसले, पँट वर सरकवायला लावली, गुडघा वाकवून पाऊल आत वळवलं आणि बाहेरच्या बाजूला अंगठ्याने असं काही दाबलं, की मी पोह्यांच्या बशीसकट उडालो. "आहे! याच्यात आहे!" मामा ओरडले. माझी आई पांढरीफटक पडली. लग्न ठरलं खरं, पण दुसऱ्याच दिवशी आईने माझ्या दोन्ही गुडघ्यांचे एक्स-रे काढून आणले.

मामांबरोबर बाजारात जाणं हे तर वेगळंच धाडस. उल्हासनगरला एकदा जीन्स घ्यायला गेलो. दुकानाचे मालक सिंधी गृहस्थ, चांगले ऐसपैस. उठताना त्यांनी गुडघ्यावर हात टेकला मात्र, मामा काउंटरच्या पलीकडे! पाच मिनिटांत शेटचा पाय स्टुलावर. शेवटी तो बिचारा म्हणाला, "साईं, पँट लेनी है या मेरी टांग?" कुळगावातल्या मटणवाल्याकडून ते बोकडाची तंगडी सांध्यावर घाव न घालता मागायचे. घरी आणून ती मामींच्या पोळपाटावर उलगडायची, चष्मा कपाळावर चढवून. मामी एवढंच विचारायच्या, "आधी संशोधन की आधी रस्सा, ते सांगा. मला वाटण करायचंय."

तर असे मामा. आणि यांच्याच घरात, यांच्याच डोळ्यांदेखत, मामींचा उजवा गुडघा झिजत होता, हे मामांना सोडून सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं. लिफ्ट नाही. भाजी घेऊन येताना मामी दुसऱ्या मजल्यावर शेजारणीशी गप्पा मारायला थांबत. त्या गप्पांना विषय नसे, फक्त दम खायचा असे. पुढे त्या जमिनीवर बसेनाशा झाल्या. एका हळदीकुंकवाला आग्रहाने पाटावर बसल्या, तर उठवायला दोन बायका लागल्या. मामा नेमके तिथे होते. धावत आले आणि सवयीने म्हणाले, "थांबा, बाहेरच्या बाजूला दुखतंय का बघू द्या."

"चाळीस वर्षं हा गुडघा तुमच्याच घरात आहे," मामी म्हणाल्या, "आज बघताय?"

बायका हसल्या. मामा हसले नाहीत. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा माणसाच्या चेहऱ्याकडे बघताना पाहिलं.

बदलापूरच्या एका हॉस्पिटलात गुडघा बदलायचं ठरलं. सर्जन मामांचाच जुना विद्यार्थी निघाला. तपासून झाल्यावर मामा घुटमळले, मग हळूच म्हणाले, "उघडशीलच, तर बाहेरच्या अंगाला जरा... म्हणजे वेळ असला तर..." मी मान खाली घातली. मामीच म्हणाल्या, "बघा हो डॉक्टर. माझ्या पायात यांच्या उपयोगाचं काही निघालं तर निघू दे."

ऑपरेशनच्या दिवशी मामा बाकावर बसून होते. समोरून लंगडत, कुबड्या घेऊन कितीतरी गुडघे गेले. एकाकडेही त्यांनी पाहिलं नाही. दार उघडलं, मास्क खाली करत सर्जन हसतच बाहेर आला. "सर, तुमचं ते लिगामेंट मी नीट..."

"ते राहू दे रे," मामा उठून उभे राहिले. "ती शुद्धीवर आली का?"

सर्जनचं वाक्य अर्धं राहिलं ते राहिलंच. मी पुढे एकदा छेडलं, "मामा, विचारा ना त्याला. वाद मिटेल." तर म्हणाले, "जावईबापू, एका गुडघ्याने काय सिद्ध होतं?" शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरच होतं, पण बोलताना त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

हल्ली रोज सकाळी मामी पलंगाच्या कडेला बसतात आणि मामा खाली फरशीवर. पाऊल तळहातावर घेऊन ते पाय हळूहळू वाकवतात. परवा मी दारात उभा होतो, दोघांनाही दिसलो नाही. आजवर त्यांनी माझ्यादेखत किती जणांचे गुडघे दाबले असतील, पण त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"दुखतंय का गं?"

"दुखतंय," मामी म्हणाल्या, "पण सोडू नका."