सुमनताईंच्या लोणच्याच्या बरण्या

सुमनताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहायचं, तर आधी खरं सांगतो: प्राणिशास्त्र विभागात त्यांच्यासोबत काढलेली सगळी वर्षं मी त्यांच्यावर जळत होतो. त्या सिहोऱ्याहून आमच्या भंडाऱ्याच्या महाविद्यालयात रुजू झाल्या, तेव्हा कापडी पिशवीतून लोणच्याच्या काचेच्या बरण्या घेऊन आल्या होत्या. मी हसलो. प्रयोगशाळा आहे की स्वयंपाकघर, असंही विचारलं.

आमचा विषय एकच होता. प्लास्टिकमधून पाण्यात उतरणारी रसायनं समुद्रातल्या तिसऱ्यांचं, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांचं, काय करतात, ते पाहायचं. भंडाऱ्यात समुद्र कुठला? तिसऱ्या कोकणातून मागवायच्या, खारं पाणी इथंच करायचं. ताईंच्या तिसऱ्या बरण्यांत, तोंडाला सुती फडक्याचा दादरा बांधून. माझ्या नव्याकोऱ्या रंगीत टबांत. अर्ध्या टबांत मी प्लास्टिकचा चुरा टाकला, उरलेल्यांत निव्वळ खारं पाणी. दोन्हीकडच्या तिसऱ्या सारख्याच मरगळल्या. प्लास्टिक निर्दोष, असा निष्कर्ष काढून मी मोकळा झालो.

विभागाच्या बैठकीत तो मांडायच्या आदल्या दिवशी ताई माझ्या टेबलाशी आल्या.

"सर, तुमचं साधं पानी बी त प्लास्टिकच्याच टबात हाये. मंग फरक दिसन कसा?"

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं करू नये अशी चूक. त्यांच्या जागी मी असतो, तर समोरच्याला बैठकीत खुशाल तोंडघशी पडू दिलं असतं. ताईंनी मात्र आपल्या निम्म्या बरण्या धुऊन मला दिल्या. "तुमचं काम पयले होऊन जाऊ द्या जी," म्हणाल्या. त्यांचं स्वतःचं काम त्यापायी लांबलं.

मी मांडणी पुढच्या बैठकीवर ढकलली आणि प्रयोग बरण्यांत पुन्हा केला. या वेळी फरक स्वच्छ दिसला. चुऱ्याच्या पाण्यातल्या तिसऱ्या हात लावला तरी शिंपले मिटत नव्हत्या. बैठकीत कौतुक झालं. बरण्यांची युक्ती कुणाची, असं विभागप्रमुखांनी विचारलं. ताई समोरच बसल्या होत्या. मी म्हणालो, "माझी."

ताईंनी मान खाली घालून वहीत काहीतरी लिहिलं. त्यावर त्या आजवर एक शब्द बोललेल्या नाहीत. पुढे त्यांचं काम पूर्ण झालं, तेव्हा त्यांनी माझी पद्धत उचलली असं लोक म्हणाले, आणि मी ते म्हणू दिलं. तरीही विद्यार्थी अडलं की त्यांच्याच दाराशी जात, आणि माझा जळफळाट होई.

म्हणून सगळा गोतावळा वाचेल अशा या गौरवग्रंथात लिहून देतो: बरण्या ताईंच्या होत्या, युक्तीही ताईंचीच. एक बरणी अजून माझ्या कपाटात आहे, ती सत्काराला घेऊन येतो.

ताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. बरणी पाहून त्या "असू द्या जी सर, तुमच्याचजवळ" म्हणाल्या, तर मात्र मी पुन्हा जळणार आहे.